माझ्या हातचं पाखरं खात होती

मी स्वभावानं संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला नवल वाटायला नको. माझे वडील चिकोडीला शाळामास्तर होते. ते म्हणायचे, "या पोरीला चंद्र दाखवला तर त्याच्या मागं कोण लपलंय ते ही आधी बघेल." पुढं निपाणीजवळच्या एका गावात, तंबाखूचा व्यापार असलेल्या जैन घरात माझं लग्न झालं. तिथं माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, पहिल्याच वर्षी माझी पारख केली. "ही बया समोर काढलेलं दूधबी हुंगून पिती," असं त्या शेजारणीला सांगत होत्या आणि मी दाराआडून ऐकत होते.

क्षयातून उठून मला आता काही वर्षं झाली. आमच्या भागात या दुखण्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. 'छातीचं' म्हणतात आणि विषय बदलतात. ज्यांच्या घरात ते आलं असेल त्यांनी औषधपाणी डॉक्टरांना विचारावं. मी सांगणार आहे ते वेगळं. अंथरुणाला खिळलेलं माणूस कसले कसले विचार करतं, घरच्यांवर काय काय आळ घेतं, आणि बरं झाल्यावरही त्याचं दुखणं कसं संपत नाही, हे मी भोगलं आहे. संशय घेणं वाईट असं म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही, कारण माझे निम्मे संशय खरे निघाले.

लुगड्याचं आमिष

तंबाखूच्या घरात खोकल्याला कोण विचारतो? पानं वाळवायची, झोडपायची, पोती भरायची, त्या दिवसांत घरातलं लहानमोठं सगळं माणूस ठसकतच असतं. माझा खोकला त्यात मिसळून गेला. हंगाम संपला, सगळ्यांचे खोकले थांबले, माझा थांबला नाही. मग संध्याकाळी अंगात कणकण भरायला लागली. एके दिवशी पदराच्या टोकाला लाल डाग दिसला. मी तो विहिरीवर जाऊन धुतला आणि पानाचा असेल अशी स्वतःची समजूत घातली. मी पान खात नाही.

ह्यांना कसं कळलं कोण जाणे. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "बेळगावला जाऊन येऊया का? तुला इरकली लुगडं पायजे हुतं न्हवं?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी आपण होऊन लुगड्याचं नाव कधी काढलं नव्हतं. नवरा विनाकारण गोड बोलायला लागला की बाईनं सावध व्हावं. तरी मी मोटारीत जाऊन बसले.

बेळगावात लुगड्याच्या दुकानाआधी डॉक्टरांचा दवाखाना आला. त्यांनी पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं, छातीचा फोटो काढवला, मग माझ्याकडं पाहून हसले आणि ह्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले. कानडीत बोलले असते तर मला कळलं असतं, मराठीत तर कळलंच असतं, म्हणून इंग्रजी. मी शब्दांच्या नादी लागले नाही. ह्यांच्या हाताकडं बघत राहिले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती, ती ते गोल गोल फिरवत होते. मध्येच फिरवायचे थांबले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काय न्हाय गं. छातीत जरा सर्दी बसलीया म्हणं. औषध दिलंय."

"मग चला, लुगडं घ्यायला."

ह्यांनी मान दुसरीकडं फिरवली. भर रस्त्यात आपला नवरा रडतोय हे मी पहिल्यांदा पाहिलं, आणि सर्दीसाठी कुणी रडत नाही एवढं मला कळत होतं.

घरी आल्यावर ह्यांनी आत्याबाईंना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. माझी मुलगी सुशीला तेव्हा नुकती कुठं घडाघडा बोलायला लागली होती. ती धावत येऊन माझ्या मांडीवर बसली. आत्याबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सुशे, हिकडं ये. तुझ्या आईला दम लागलाय." आणि तिला उचलून आत घेऊन गेल्या. मी स्वयंपाकाला उठले तर धाकटी जाऊ तारा चुलीपुढं बसलेली. तिनं माझ्याकडं न बघता पीठ मळायला घेतलं. माझ्या हातच्या आमटीसाठी पाहुणे मुक्काम वाढवायचे, असं आमचं घर. आता माझ्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेणार नव्हतं. दवाखान्यात मी रडले नव्हते, ती तिथं दारात उभी राहून रडले.

उघड्यावरची खाट

बेळगावच्या बाहेर उंच माळावर ते रुग्णालय होतं. नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला जगवलं, आणि मी त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं ते पुढं येणारच आहे. लांबच लांब व्हरांडा, एका रांगेत खाटा, समोर मोकळं माळरान. ऊन, वारा, थंडी, सगळं अंगावर घ्यायचं, कारण हवा हेच मोठं औषध. मार्गशीर्षात काकती गावाच्या बाजूनं असा वारा यायचा की घोंगडीखाली दात वाजायचे. पहाटे तोंडात थर्मामीटर, मग दूध, मग निपचित पडून राहणं. मोठ्यानं हसायचं नाही, बोलायचं नाही, हात वर करून केस विंचरायचे नाहीत. थुंकायला झाकणाची डबी. दर आठवड्याला काट्यावर उभं करून तंबाखूच्या पोत्यासारखं वजन करायचे. वजन वाढलं तर माणूस जगणार, घटलं तर नाही, हे कुणी न सांगता सगळ्यांना माहीत होतं.

तिथल्या मुख्य नर्स विलायतेच्या होत्या. आम्ही त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचो. उंच, हडकुळ्या, पायांत पुरुषी बूट. त्यांचं मराठी पुस्तकातून आलेलं होतं, त्यामुळं रागावल्या तरी पोथी वाचल्यासारख्या बोलायच्या. शेजारच्या खाटेवर शहापूरच्या एका वकिलांच्या पत्नी होत्या, इंदिराबाई. त्यांना थोडं हिंडायफिरायची मुभा होती, आणि बोलायला बंदी असलेल्या त्या जागी त्या अखंड बोलायच्या.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर ह्यांना म्हणाले, अंडी आणि माशाचं तेल दिल्याशिवाय ताकद भरून येणार नाही. हे म्हणाले, "आमी जैन. जीव गेला तरी न्हाय."

डॉक्टर चिडले. "जीव तुमचा नाही जाणार, त्यांचा जाईल."

मग दोघं बोलत बोलत बाजूला गेले. थोड्या वेळानं परत आले ते अगदी शांत होऊन. ह्यांनी तर डॉक्टरांना वाकून नमस्कार केला.

इतक्या लवकर समेट? मी ह्यांना ओळखते. तंबाखूच्या सौद्यात हे दिवसभर अडून बसतात. मला न सांगता काहीतरी ठरलं होतं यात शंका नव्हती. विचारलं तर म्हणाले, "ठरायचं काय त्यात? तू खा, पी, बरी हो." आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो असं मी सिस्टरांना सांगितलं, तर त्यांनी तेही लगेच कबूल केलं. मला ते आणखीनच खटकलं. परक्या माणसानं आपलं इतकं चटकन ऐकावं असं आपण त्याचं काय केलेलं असतं?

वास

पौष लागला तशी थंडी वाढली. एका दुपारी स्वयंपाकघराच्या बाजूनं असा वास आला की मी नाकाला पदर लावला. इंदिराबाई जाऊन बघून आल्या आणि खाटेच्या काठावर बसून कुजबुजल्या, "अहो, मोठ्या सिस्टर बकऱ्याची चरबी वितळवताहेत. लष्कराच्या कॅम्पातून आणवलीय."

"कशाला?"

"ते कुठं सांगतात? पण पातेलं मात्र आपल्या लापशीचंच दिसतंय बाई."

संध्याकाळी लापशी आली. वर तेलकट तवंग होता. तो आधीही असायचा, मी लक्ष दिलं नव्हतं. तापानं जीभ मेलेली, चव कशाचीच लागत नव्हती. पण त्या दिवशी तवंग बघितला आणि सगळं जुळलं. ह्यांचा आणि डॉक्टरांचा समेट, तो नमस्कार, सिस्टरांचं लगेच कबूल होणं. अंडी चालत नाहीत म्हणून हे लोक मला चरबी घालत होते! माझ्या आजीनं अखेरच्या आजारात औषधाच्या मधालाही, तो आम्हाला वर्ज्य म्हणून, तोंड लावलं नव्हतं, आणि तिची नात रोज वाटीभर बकरं पिऊन बसत होती. मला ओकारी आली. सिस्टर म्हणाल्या, दुखण्यानं होतं असं.

लापशी परत पाठवली तर त्या समोर बसून खायला लावतील. म्हणून त्या पाठमोऱ्या झाल्या की मी वाटी कठड्यावरून पलीकडं, कण्हेरीच्या आळ्यात रिकामी करायची. भात-आमटीचंही तेच. दूध तेवढं प्यायचे, कारण रुग्णालयाची म्हैस मला खाटेवरून दिसायची.

पाखरांना पत्ता लागायला वेळ लागला नाही. आधी चिमण्या आल्या, मग साळुंक्या, मग बुलबुलांची जोडी. एके सकाळी तर भोरड्यांचा थवाच उतरला. आमच्या शेतात ज्वारीवर भोरड्या आल्या की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतात, आणि इथं मी त्यांना पंगत वाढत होते. मी वाळत चालले आणि कण्हेरीखालची पाखरं गलेलठ्ठ होत चालली. काट्यावर वजन घटायला लागलं. डॉक्टर छातीला नळी लावून पुन्हा पुन्हा ऐकायचे आणि कागदावर काहीतरी लिहून निघून जायचे. शेवटी ह्यांना बोलावणं गेलं.

ह्या वेळी आत्याबाईही आल्या. खाटेपासून लांब, खांबाला टेकून, नाकाला पदर लावून बसल्या. मग म्हणाल्या, "सुशी लई हट्टी झालीया. रोज विचारती, आई कवा येणार. तिला सांभाळायला घरात कोणतरी पायजे बघ."

"तारा हाय की," मी म्हणाले.

"ताराचं काय घिऊन बसलीस. ती तिच्या लेकरांत."

त्या गेल्यावर इंदिराबाईंनी उसासा टाकला. "कोणीतरी पाहिजे म्हणाल्या ना? मग मुलगी बघूनसुद्धा झाली असेल हो. सगळीकडे असंच बोलतात."

संकेश्वरला आत्याबाईंच्या भावाची एक लग्नाची मुलगी होती. मी तिला एका लग्नात पाहिलं होतं. गोरी होती, कामाला चपळ होती, आणि खोकत नव्हती. त्या दिवशी दुपारभर मी डोक्यावर घोंगडी घेऊन पडले. तिनं माझ्या चुलीपुढं बसावं, माझ्या पातेल्यात आमटी करावी आणि सुशीलेनं ती जिभल्या चाटत खावी, हे सगळं मला डोळ्यांपुढं दिसत होतं. मरणाची भीती वाटत होतीच, पण त्याहून ह्याचा राग जास्त येत होता.

सिस्टरांचा माग

मी एकटीच संशयी नव्हते. मोठ्या सिस्टरही त्या दिवसांत कशानं तरी हैराण होत्या. मला नंतर कळलं ते असं. त्यांच्या देशात थंडीत बर्फ पडतं, पाखरांना किडामुंगी मिळत नाही, म्हणून लोक चरबीत दाणे घालून पाखरांसाठी घरी खाणं करतात आणि झाडाला टांगतात. बेळगावात थंडी पडल्यावर त्यांना घरची आठवण झाली. त्यांनी चरबी आणवली, स्वयंपाकघरामागच्या आपल्या खोलीपुढं ती वितळवली, नारळाच्या करवंट्यांत थिजवली आणि आंब्याला टांगली. पण आमची थंडी पहाटेपुरती. दुपारी ऊन तापलं की चरबी वितळून खाली टपकायची. खाली मांजर बसलेलं असायचं आणि वर कावळे. बाकी एक पाखरू तिकडं फिरकत नव्हतं. सगळी पाखरं जातात कुठं, ह्याचा माग काढत त्या एके सकाळी कण्हेरीपाशी पोचल्या. मी तेव्हा वाटी उपडी करत होते.

"आपण हे काय करीत आहात?"

मी वाटी पदराआड केली.

"आपले अन्न आपण पक्ष्यांस देत आहात! आपणांस मरावयाचे आहे काय?"

मग मीही तापले. बोलायची बंदी विसरून म्हणाले, "मरीन, पण बकऱ्याची चरबी खाऊन जगणार न्हाय. माझ्या नवऱ्याला फितवून मला बाटवायला बसलाय तुमी. लापशीच्या पातेल्यात चरबी वितळवतासा, सगळं ठावं हाय मला!"

एवढं बोलून मला खोकल्याची उबळ आली. सिस्टरांना आधी काही कळेना. मग कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्या तरातरा निघून गेल्या आणि दोन डबे घेऊन परत आल्या. एकात ती पांढरी चरबी होती. दुसरा पितळेचा, कडीचा, झाकणावर आत्याबाईंचं नाव कोरलेला. तो डबा मी कितीतरी वेळा चिंच लावून घासला होता.

आत घरचं तूप होतं.

आत्याबाई दर आठवड्याला मोटारीनं तूप धाडत होत्या. ह्यांचं आणि डॉक्टरांचं ठरलं होतं ते एवढंच, की अंडी नाहीत तर तूप, दूध, शेंगदाणे सढळ हातानं द्यायचे. लापशीवरचा तवंग त्या तुपाचा होता. चरबीचं पातेलं सिस्टरांचं स्वतःचं होतं. इंदिराबाईंनी लांबूनच ते आमचं ठरवून टाकलं होतं, आणि मला तरी तेच ऐकायचं होतं. सिस्टरांनी डबा माझ्या नाकापुढं धरला. मी हुंगलं. मग बोट बुडवून चाटलं आणि त्यांच्यासमोर ढसाढसा रडले.

ह्यांना पुढच्या खेपेला विचारलं, मला सांगितलं का नाही? हे डोकं खाजवत म्हणाले, "आईच नको म्हणाली. बोलली, सुनंला सांगितलंस तर ती म्हणंल, म्हातारीला आताच कसा उमाळा आला, ह्यात काय घातलंय."

अगदी हेच मी म्हटलं असतं.

आणि संकेश्वरची मुलगी? ते मी विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही. मला वाटतं आत्याबाई दोन्ही करत होत्या. सून जगावी म्हणून तूप धाडत होत्या आणि सून गेली तर म्हणून मुलगी बघत होत्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही तसंच केलं असतं.

बिनचरबीचे गोळे

मी खायला लागले. वजन घटायचं थांबलं, मग हळूहळू चढायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, "आपण आपले अन्न स्वतः खावे. पक्ष्यांचे अन्न आपण दोघी मिळून करू." मी म्हटलं, चरबी असेल तर माझा हात लागणार नाही. त्यांनी करवंट्या उकळत्या पाण्यात घालून धुतल्या, मला दाखवल्या, मग मी कबूल झाले.

आधी मी खाटेवरून सांगायची आणि त्या करायच्या. पुढं डॉक्टरांनी थोडं बसायला परवानगी दिल्यावर मी स्वतः करायला लागले. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची आणि खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायचे. त्यात भाजलेलं बाजरीचं पीठ, भाजून भरडलेली ज्वारी आणि मूठभर तीळ. शेंगदाण्याच्या तेलातच गोळा छान वळतो, वरून काही लागत नाही. मीठ घालायचं नाही. हे उन्हानं वितळत नाही आणि मांजरही त्याला विचारत नाही.

गोळा आणखी घट्ट व्हावा म्हणून मी एकदा गूळ घातला. ह्यांच्याकडून ते आत्याबाईंना कळलं आणि पुढच्या तुपाबरोबर तोंडी निरोप आला, "गूळ घालू नको म्हणावं तिला. गुळाला मुंग्या येणार, मुंग्या पाखरं खाणार, त्येचं पाप कुणाच्या डोक्यावर?" मी सिस्टरांना ते समजावून सांगितलं. त्यांनी गुळाचा खडा हातात घेतला.

"परंतु पक्षी मुंग्या खातातच."

"खाईनात का. आपण ताटात वाढायच्या न्हाईत."

त्यांनी मान हलवली आणि गुळाचा खडा फडताळात ठेवून दिला.

माझं दुखणं पाखरांना लागणार नाही ना, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हात स्वच्छ धुवा आणि निर्धास्त राहा. मी निर्धास्त राहिले नाही. तोंडाला फडकं बांधून कुटायची. पण किती दिवसांनी माझ्या हाताला पीठ लागलं होतं! भाजल्या शेंगांचा वास छातीत गेला आणि मी आजारी आहे हे क्षणभर विसरले. माझ्या हातचं खाणारं जगात एवढंच उरलं होतं, ही चिमणी-साळुंक्यांची जात. पहिली करवंटी टांगली तेव्हा एक साळुंकी आली. मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, उडून गेली, परत आली. तिचा संशय मला फार आवडला. मग तिनं चोच मारली.

त्याच सुमाराला इंदिराबाईंची खाट रिकामी झाली. "घरी नेलं," असं आम्हाला सांगितलं. तिथून सगळ्यांनाच घरी नेलं जायचं. पण घरी गेलेल्या बाईच्या चपला खाटेखाली राहत नाहीत. माझ्या डोक्यात भलतंसलतं भरवणारी बाई ती, तरी तिच्यासाठी माझा जीव तुटला. थंडी होती तोवर मी तिच्या खाटेसमोरच्या खांबालाही एक करवंटी टांगत राहिले.

घर

पुढचा पावसाळा सरल्यावर मला घरी सोडलं. थुंकीत आता काही नाही, हिच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, तेही मराठीत आणि माझ्यासमोर. मी मोटारीत वाटभर हसत होते.

दारात मला ओवाळलं. पण ताट वेगळं, तांब्या वेगळा, निजायला मागची पडवी. "इसावा घे गं आक्का," असं म्हणत तारा चुलीपुढं आडवी बसायची. एकदा मी विहिरीवरून कळशी भरून आणली, तर आत्याबाईंनी ते पाणी केळीच्या बुडात ओतलं. सुशीला लांबून माझ्याकडं बघायची, पाहुणीकडं बघावं तशी. तिला जवळ बोलावलं की ती आधी आजीच्या तोंडाकडं बघायची. डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं, विश्वास कुणाचाच नव्हता. संशय म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पण आपल्याच माणसांच्या डोळ्यांत तो आपल्याविषयी बघायचा म्हणजे फार कठीण. परत रुग्णालयात जावं, असं माझ्या मनात कितीदा तरी आलं.

ज्यांच्या घरी असं माणूस बरं होऊन आलं असेल त्यांना हात जोडून सांगते. डॉक्टरांनी मोकळं केल्यावर त्याचा तांब्या वेगळा ठेवू नका. खोकल्याचा त्रास सोसता येतो, तो तांब्या सोसवत नाही.

ह्यांच्याजवळ बोलले तर म्हणाले, "जरा दम धर. आईपुढं माझं काय चालतंय?" जवळ येऊन बसायचे, पण जेवायला आत जायचे.

थंडी पडली. मी परसातलं उखळ धुऊन घेतलं आणि शेंगा भाजायला बसले. तारा धावत आली. "आक्का, काय चाललंय हे?"

"पाखरांचं खाणं."

ती आल्या पावली परत फिरली. जीवदयेला आमच्या घरात कोण नको म्हणणार? मी रोज कुटायची, गोळे वळायची आणि पेरूच्या झाडाला टांगायची. सुशीला आधी उंबऱ्याच्या आत उभी राहून बघायची. मग उंबऱ्यावर बसायला लागली. मग पायरीवर. कुठली साळुंकी कुणाला हुसकते ते मला लांबूनच ओरडून सांगायची.

एके दिवशी, दिवस मावळायला थोडा अवकाश असताना, आत्याबाई परसात आल्या. पाट घेऊन माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, आता हेही बंद करायला आल्या.

"ह्यात काय काय घातलंस?"

"शेंगदाणं, बाजरी, ज्वारी, तीळ."

"गूळ?"

"न्हाय."

"किडकं धान्य न्हाय न्हवं?"

"दाणा न् दाणा निवडलाय."

त्यांनी ताटातला एक गोळा उचलला. उजेडाकडं धरून फिरवला, हुंगला, दोन बोटांनी तुकडा मोडला. आत किडा बघताहेत असं मला वाटलं. त्यांनी तो तोंडात टाकला.

माझा हात उखळात तसाच राहिला. स्वयंपाकघराच्या दारात तारा उभी होती, तिनं तोंडावर पदर घेतला. आत्याबाईंचे दात थोडेच उरले होते, त्या सावकाश चावत होत्या. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते. आता पदरात थुंकतील. आता उठून न्हाणीत जातील आणि चूळ भरतील. इतकं होऊनही माझा त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता.

"काय बघतीस?" त्या म्हणाल्या. "गिळलं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पुसायला हात मोकळे नव्हते, दोन्ही हातांना पीठ होतं.

"मीठ न्हाय ह्यात," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी पायरीकडं वळून सुशीलेला हाक मारली, आणि उरलेला गोळा तिच्या हातावर ठेवला.

"खा गं. तुझ्या आईच्या हातचं हाय."